घराचे तोंड

घर विकायचे ठरल्यावर निवृत्ती पगारे यांनी पहिली जाहिरात स्वतःच लिहिली. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात मसुदे लिहिण्यात गेली होती आणि त्यांच्या मसुद्याला वरचे साहेब सहसा हात लावत नसत. जाहिरातीचाही त्यांनी आधी कच्चा, मग पक्का मसुदा केला. ‘इंदिरानगर येथे कोपऱ्यावरील स्वतंत्र राहते घर विकणे आहे. तीन खोल्या, दक्षिणाभिमुख. उन्हाळ्यात पाणी कमी दाबाने येते. मध्यस्थांनी भेटू नये.’ रविवारच्या अंकात ती छापून आली, आणि पुढच्या रविवारपर्यंत घर पाहायला एकच माणूस आला. तो मध्यस्थ होता.

नजीरने सायकल फाटकाला टेकवली, खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली आणि ओट्यावरूनच विचारले, “साहेब, ही जाहिरात आहे का तक्रार अर्ज?”

“जे आहे ते लिहिलंय,” निवृत्ती म्हणाले.

“जे आहे ते गिऱ्हाईक येऊन बघतंच ना. तुम्ही तर त्याला त्याच्या घरूनच परत पाठवला. आणि हे पहिल्याच ओळीत दक्षिण कशाला? लग्नाच्या जाहिरातीत लिहितो का कोणी, मुलगी तापट आहे म्हणून?”

आतल्या खोलीतून त्यांच्या पत्नी यशोदाबाई हसल्या. ते हसू निवृत्तींना बऱ्याच दिवसांनी ऐकू आले होते. म्हणून त्यांनी नजीरला बसायला खुर्ची दिली.

ते चौऱ्याऐंशी साल होते आणि बाजार थंड होता. कारखान्यांतली नोकरभरती थांबलेली, कांद्याला भाव नाही म्हणून लासलगाव-देवळ्याकडचा पैसा नाशकात येत नव्हता. नजीरचे ऑफिस म्हणजे शालिमारजवळच्या एका हॉटेलातले कोपऱ्यातले टेबल. त्या टेबलावर चहाचे कपच तेवढे हलतात, असे तोच सांगे. पण निवृत्तींना थांबून चालणार नव्हते. यशोदाबाईंना काचबिंदू झाला होता. डावा डोळा गेला होता आणि उजव्यातला अंधार कडेकडेने मध्ये सरकत होता. चेहरे ओळखू येत नसत. ऊन आणि सावली एवढेच कळे. विजेच्या दिव्याचा त्यांना काही उपयोग राहिला नव्हता. मुलगी सुजाता औरंगाबादला सरकारी दवाखान्यात नर्स होती. आईच्या उरल्यासुरल्या नजरेसाठी औषधे वेळच्या वेळी पडायला हवीत आणि ती आपल्या डोळ्यांसमोर पडायला हवीत, असे तिचे म्हणणे होते. तिच्या शेजारच्या चाळीतल्या दोन खोल्या मिळत होत्या. मालक पाडव्यापर्यंत थांबायला तयार होता. इथले घर विकल्याशिवाय त्या घेता येणार नव्हत्या आणि भाडेकरू ठेवून जावे तर तो पुन्हा निघेल याची खात्री कोणी देत नव्हते.

घराचे दार दक्षिणेला का, याला एक इतिहास होता. दहाएक वर्षांपूर्वी, हे सारे माळरान असताना, सोसायटीने भूखंड वाटले तेव्हा दक्षिणेच्या रांगेला कोणी हात लावीना. यमाची दिशा, कशाला विषाची परीक्षा, असे लोक म्हणत. भर सभेत निवृत्ती उभे राहिले. “आमच्या गावात आमची वस्ती अशा दिशेला होती की तिकडचा वारासुद्धा गावात शिरू नये,” ते म्हणाले. “तेव्हा दिशा लोकांनी ठरवली. या वेळी मी ठरवतो. कोपऱ्याचा भूखंड माझ्या नावावर लिहा.” भूखंड कोपऱ्याचा असल्यामुळे पूर्वेच्या बोळातून दार काढता आले असते. शेजारच्या देवचक्के गुरुजींनी तसे चांगल्या मनाने सुचवलेही होते. “निवृत्तीराव, तुमचा विश्वास नसेल, पण बोळ तर आहे ना?” निवृत्तींनी ऐकले नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून जे सोडले ते सोडले. ऑफिसातल्या सत्यनारायणाची वर्गणी त्यांनी कधी दिली नाही आणि घराचे दार रस्त्याकडे, सरळ दक्षिणेला काढले.

त्या दाराने यशोदाबाईंना मात्र वेगळेच काही दिले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला की सकाळी आत आलेले ऊन दुपार उतरेपर्यंत पुढच्या खोलीत मुक्कामाला असे. त्या खोलीला दुसरा उजेड नव्हता. एक खिडकी होती, तिच्यासमोर शेजारची भिंत. दारापासून हातभर आत घोंगडीची घडी टाकून यशोदाबाई तांदूळ निवडत बसत. नजर अधू झाल्यावर त्या बोटांनी खडे वेचू लागल्या, पण जागा तीच ठेवली. “हितं बसलं की मला अजून दिसतंय असं वाटतं,” त्या म्हणत.

दुसरी जाहिरात नजीरने सांगितली आणि निवृत्तींनी लिहिली. दिशा गेली, पाणी गेले, मध्यस्थही गेले. ‘प्रशस्त, हवेशीर, कोपऱ्यावरील’ असे तीन शब्द आले. ‘प्रशस्त’पाशी निवृत्तींची लेखणी अडली होती, पण नजीर म्हणाला, “तुमच्या दोघांना प्रशस्तच आहे की, साहेब.”

मग गिऱ्हाइके येऊ लागली. येत, फाटकापाशी थांबत, पायाशी पडलेली आपली सावली बघत, मग सूर्याकडे, मग दाराकडे. एक जण आत न येताच म्हणाला, “घराचं तोंड दक्षिणेला वाटतं?” निवृत्ती “हो” म्हणाले. “कळवतो,” असे म्हणून तो स्कूटरला किक मारू लागला. दुसरे एक जोडपे आतपर्यंत आले. बाईंना स्वयंपाकघर आवडले. नवऱ्याने बाहेर येऊन नावाची पाटी वाचली आणि “कळवतो” म्हणाला. प्रत्येक वेळी निवृत्ती धुतलेला सदरा घालत, खोल्या झाडून घेत, नळ सोडून दाखवत, गच्चीवर नेऊन आणत. माणसे गेल्यावर खुर्चीत बसून राहत. सदरा बदलायचेही जिवावर येई.

“दोन अडचणी आहेत,” एके दिवशी नजीर चहा बशीत ओतत म्हणाला. “पाटी आणि तोंड. आता पाटी काय, तुमच्याबरोबर जाणार. जो शहाणा असेल त्याला ते समजेल. पण तोंड इथंच राहणार ना?”

“मग काय करायचं?”

“बोळ आहे. पूर्वेला दार काढा. हे बुजवून टाका.”

नजीरने आवाज खाली आणला. “साहेब, मी काय तुम्हाला धर्म बदलायला सांगत नाही. विटा बदलायला सांगतोय.”

निवृत्तींनी आयुष्यात पुष्कळ गोष्टींना नकार दिला होता, आणि प्रत्येक नकारासाठी त्यांच्याजवळ नीट बांधलेली वाक्ये तयार असत. त्या दिवशी ती वाक्ये आठवायचाही त्यांना कंटाळा आला. “करा काय करायचं ते,” ते म्हणाले.

सुजाता आईला तपासणीसाठी पंधरवडाभर घेऊन गेली, त्या काळात काम उरकले. पुढच्या खोलीच्या पूर्वेला बाहेरून जिना होता, त्यामुळे नवे दार मधल्या खोलीला काढावे लागले. जुन्या दाराची चौकट उखडताना लहानू गवंड्याने विचारले, “साहेब, निदान खिडकी ठिवू का? खोली लय अंधारी व्हईल.”

“खिडकी ठेवली की दार होतं ते कळतं,” नजीर म्हणाला. “एकदम सपाट पाहिजे. जणू कधी नव्हतंच.”

लहानूने निवृत्तींकडे पाहिले. निवृत्तींनी मान हलवली.

विटांचा थर कमरेपर्यंत आला असताना देवचक्के गुरुजी फिरायला जाताना फाटकाशी थांबले. त्यांना काही बोलायचे होते हे दिसत होते, आणि निवृत्तींचे उत्तरही दहा वर्षे तयार होते.

“पगारे, हे काय? शेवटी...”

“गिऱ्हाईक येत नाही, गुरुजी,” निवृत्ती म्हणाले.

गुरुजी क्षणभर काठी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, “मिस्त्रीला चहा पाठवतो,” आणि घराकडे वळले.

तिसरी जाहिरात सर्वस्वी नजीरची होती. त्याने तीन आठवड्यांचे पैसे एकदम भरून टाकले. ‘पूर्वाभिमुख, कोपऱ्यावरील स्वतंत्र घर. भरपूर उजेड. त्वरा करा.’ निवृत्तींनी ती छापून आल्यावरच वाचली. ‘भरपूर उजेड’ या शब्दांखाली त्यांनी सवयीने पेन्सिलीची रेघ मारली. मग अंक घडी करून रद्दीत ठेवला.

यशोदाबाई परत आल्या तेव्हा दिवस मावळला होता. सुजाताला दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला औरंगाबादला हजर व्हायचे होते, म्हणून ती त्यांना बोळाच्या तोंडाशी रिक्षातून उतरवून तशीच परत गेली. निवृत्तींनी हात धरून त्यांना नव्या दाराने आत घेतले.

“हे कुठून आणताय मला?”

“इकडून एक दार काढलंय. गिऱ्हाइकाला बरं दिसतं.”

“बरं केलं,” त्या म्हणाल्या. प्रवासाने त्या थकल्या होत्या. जुन्या दाराचे निवृत्तींनी सांगितले नाही. उद्या सांगू, असे त्यांनी ठरवले.

सकाळी यशोदाबाई भिंतीचा आधार घेत पुढच्या खोलीत आल्या, घोंगडीची घडी चाचपून नेहमीच्या जागी बसल्या, ताट मांडीवर घेतले. बराच वेळ त्यांची बोटे तांदळात नुसतीच होती.

“आभाळ आलंय का हो?” त्यांनी विचारले.

निवृत्ती मधल्या खोलीत दाढीचे पाणी तापवत होते. तेवढे एक वाक्य बोलायचे होते. पण ते बोलले की त्यामागून आणखी पुष्कळ बोलावे लागले असते. “हो,” ते म्हणाले, “आलंय थोडं.”

“तरीच.”

त्या दिवशी संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालताना त्यांनी निवृत्तींचे मनगट धरून ठेवले आणि मग सोडून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा तिथेच बसल्या. या वेळी आभाळाचे त्यांनी विचारले नाही.

नऊच्या सुमाराला नजीर आला, धापा टाकत आणि खुशीत. लासलगावच्या आडतीवरचे रावजीअप्पा उद्याच घर बघायला येणार होते. मुलगा नाशकात कॉलेजला, घर हवेच होते. “आणि काय ऊन आहे, साहेब!” नजीर टोपीने वारा घेत म्हणाला. “काल पण हेच. जानेवारीत सायकलवर घाम फुटायला लागला. आभाळात नावाला ढग नाही.”

पुढच्या खोलीत ताट वाजले. निवृत्ती दारापाशी गेले तो यशोदाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. तांदूळ फरशीवर सांडले होते. हात पुढे करून त्या दाराकडे चालत होत्या, ज्या जागी उंबरा असायचा तिथे पाऊल जपून उचलत होत्या. त्यांचा तळवा भिंतीवर टेकला. त्यांनी दुसराही हात टेकवला. ओल्या गिलाव्यावरून दोन्ही हात वर नेले, खाली आणले, बाजूला नेले. चौकट कुठेच लागली नाही.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हितं भिंत हाय.”

“हो.”

“दार बुजवलं?”

“हो. तू नसताना. मी सांगणार होतो...”

यशोदाबाई भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसल्या. मग पदर तोंडाला लावून त्या हसल्या की रडल्या ते निवृत्तींना नीट कळले नाही. “मला वाटलं, गेले डोळे,” त्या म्हणाल्या. “काल सकाळीच वाटलं. म्हटलं, ह्यांच्या मागं घराचा एवढा व्याप, आत्ताच कशाला सांगायचं? घर विकलं जाऊ दे, मग सांगू.” त्यांनी पुन्हा मागे हात नेऊन भिंत चाचपली. “भिंतच हाय म्हणायची. बरं झालं, बाई.”

नजीर मधल्या खोलीत टोपी हातात धरून उभा होता. “मी उद्या येतो,” असे कोणाकडेही न बघता म्हणून तो निघून गेला. निवृत्ती खाली बसले आणि सांडलेले तांदूळ गोळा करू लागले. खोलीत इतका अंधार होता की दाणे त्यांनाही हातानेच वेचावे लागले.

रावजीअप्पा दुसऱ्या दिवशी पत्नी फुलाबाईंना घेऊन जीपने आले. नव्या दारासमोर त्यांनी चपला काढल्या, पूर्वेकडे बघून हात जोडले, आत शिरले. कांद्याच्या ढिगात हात घालून बघणारा माणूस. भिंतींवर बोटांची पेरे वाजवत फिरला. पुढच्या खोलीत एका जागी थांबला, पुन्हा वाजवले आणि म्हणाला, “हितं काय तरी व्हतं.”

“कपाट... म्हणजे कपाटासाठी जागा,” नजीरने घाईने सुरुवात केली.

“दार होतं,” निवृत्ती म्हणाले. “मीच काढलेलं, मीच बुजवलं.”

“मग बरं केलं. आमाला बी बुजवावंच लागलं असतं.” रावजीअप्पांना त्यात वावगे काही वाटले नाही. फुलाबाई मात्र कोनाड्यातल्या बुद्धाच्या मूर्तीसमोर आणि तिच्यावरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभ्या होत्या. निवृत्तींना ते थांबणे ओळखीचे होते. ते “कळवतो” या शब्दाची वाट पाहू लागले.

“पाणी किती येळ येतं?” फुलाबाईंनी विचारले.

“सकाळी येतं. उन्हाळ्यात दाब कमी असतो.”

नजीरने डोळे मिटून घेतले.

“आमच्याकडं दिसाआड येतं,” फुलाबाई म्हणाल्या, “तेबी हंडाभर,” आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

बोलणी दुपारपर्यंत चालली. रावजीअप्पांनी घासाघीस करून आकडा खाली आणला, पण तो औरंगाबादच्या खोल्यांपुरता होता. त्यांनी विसाराचे पाकीट काढून मांडीवर ठेवले, तेव्हा निवृत्तींनी घसा साफ केला.

“एक विनंती आहे. पाडव्यापर्यंत आम्ही इथं राहणार. तेवढे दिवस हे जुनं दार उघडून घेतो. जाताना माझ्या खर्चानं पुन्हा जसंच्या तसं करून देईन.”

“कशापायी?” रावजीअप्पा खरोखरच चकित झाले.

निवृत्तींनी यशोदाबाईंकडे पाहिले. हे कारण परक्या माणसांसमोर मांडायला त्यांच्या साऱ्या नोकरीतल्या मसुद्यांत एकही वाक्य नव्हते. “ऊन येतं,” एवढेच ते म्हणाले.

“नाय नाय, दादा,” फुलाबाई एकदम म्हणाल्या. “मिटलेलं तोंड परत उघडायचं नाय. इसार दिला म्हंजी घर आमचं झालं. आमच्या घराला दक्षिणेचं दार एक दिस बी नको. घरात पोरंबाळं हायेत.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या भीत होत्या.

रावजीअप्पांचा हात पाकिटावर थांबला. नजीर निवृत्तींकडे बघत होता. निवृत्तींच्या मनात ते सभेतले सारे बोलणे ओळीने येऊन उभे राहिले. त्यातले एक वाक्य उच्चारले असते तर हे पाकीट परत खिशात गेले असते, पुन्हा जाहिरात, पुन्हा धुतलेला सदरा, आणि पाडवा निघून गेला असता.

“घ्या इसार,” कोपऱ्यातून यशोदाबाई म्हणाल्या. “उन्हाचं काय एवढं? बाहेर बी पडतंच की.”

निवृत्तींनी दोन्ही हात पुढे केले आणि पाकीट घेतले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी ते यशोदाबाईंना हात धरून मधल्या खोलीच्या दारातून बोळात, बोळातून जिन्याला वळसा घालून घराच्या पुढल्या अंगाला नेऊ लागले. जुन्या दाराची पायरी लहानूने काढली नव्हती. तिच्यावर घोंगडीची घडी टाकून दोघे बसत. मागे नुसती भिंत, समोर रस्ता. सोसायटीतले लोक जाता-येता बघत. दार नसलेल्या घराच्या पायरीवर दोन म्हातारी माणसे तांदळाचे ताट घेऊन बसलेली. कोणाला काय वाटायचे ते वाटो, निवृत्तींनी त्याचा विचार सोडून दिला होता. यशोदाबाई मात्र उन्हाकडे तोंड करून बसत आणि मधूनच म्हणत, “आत्ता एक माणूस गेला ना?” किंवा, “ही गाय असंल.” बहुतेक वेळा ते बरोबर असे.

जाहिरातीचे पैसे आधीच भरलेले होते, म्हणून ती पुढच्या रविवारीही छापून आली. त्या दिवशी एक तरुण जोडपे पत्ता शोधत फाटकाशी येऊन थांबले. मुलाच्या हातात वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा होता. त्याने एकदा सूर्याकडे पाहिले, एकदा भिंतीकडे.

“पूर्वाभिमुख घर म्हणून छापलंय, ते हेच का, काका?”

“हेच. पण विकलं गेलं.”

“अच्छा.” तो जायला निघाला, पण त्याला राहवले नाही. “काका, दार कुठंय याला?”

निवृत्तींनी बोळाकडे हात केला. मुलाने मान डोलावली, जणू त्याचे समाधान झाले, आणि दोघे निघून गेले.

“कोण होतं?” यशोदाबाईंनी विचारले.

“गिऱ्हाईक.”

“दोघं होते ना?”

“दोघं.”

ऊन पायरीवर पुढे सरकले होते. निवृत्तींनी उठून घोंगडी ओढली, आणि यशोदाबाई ताट सांभाळत हातभर डावीकडे सरकल्या.